रोलच्या शेवटचं फुलपाखरू

"आई, सावली पाडू नकोस," मी दबक्या आवाजात म्हणाले.

"फोडणी जळायलीय माझी. चार पानं तर तोडू दे."

"आज ह्या डब्याला हात लावायचा नाही."

आई हातात उलथनं घेऊन मागच्या दारात उभी होती आणि मी परसातल्या फरशीवर उकिडवी बसून कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत होते. झाड कसलं, तुपाच्या मोठ्या डब्यात लावलेलं कमरेएवढं रोप. त्याच्या एका काडीला फुलपाखराचा कोश होता. आदल्या संध्याकाळपर्यंत हिरवा होता. सकाळी बघते तर काळा पडलेला, आणि आतल्या पंखांचे पिवळे ठिपके सालीतून दिसत होते. आईने एकदा कोशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. त्या दिवशी आमच्या आमटीला कढीपत्त्याशिवाय फोडणी बसली, आणि अण्णांनी जेवताना ते ओळखलंच.

ही गोष्ट गडहिंग्लजची. मेन रोडला आमचा स्टुडिओ होता, मेस्त्री फोटो. पुढे दुकान, मध्ये डार्करूम आणि मागे घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढे गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे. मी डार्करूममध्ये रोल धुवायचे, फोटो छापायचे. आई मागच्या खिडकीशी, उजेडाच्या चौकटीपुढे निगेटिव्ह लावून टचिंग करायची.

फोटो तेव्हा काळे-पांढरे असत. निगेटिव्हवर सगळा उलटा कारभार असतो. तिथे पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत ती जागा गोरी होते, आणि पात्याने खरवडली की काळी. पेन्सिल पुसता येते. पात्याचं काम मात्र कायमचं, ते परत फिरत नाही. आई पॉलिश पेपरवर पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायची आणि बोटभर निगेटिव्हमधल्या वाटाण्याएवढ्या चेहऱ्यावरून असा हात फिरवायची की देवीचे व्रण, वांग, मस, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळं नाहीसं व्हायचं. तालुक्यातली माणसं म्हणायची, मेस्त्रींच्या हाताला गोडी आहे. तो हात कुणाचा, हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

आईला त्याचं काही वाटायचं नाही. तिचं दुःख वेगळंच. बाजारात एखादी बाई पहिल्यांदा समोर दिसली की ती माझा दंड दाबून हळूच म्हणायची, "अगं बाई, हिचा मस तसाच हाय की." आपण काढलेला मस बाईच्या हनुवटीवर अजून कसा, याचा तिला खरोखर राग यायचा.

तिच्या हातून गिऱ्हाईक नाराज झालं ते एकदाच. कडगावचे तातोबा पैलवान फोटो काढून गेले होते. पैलवानाचे कान मातीत घासून, दाबून फुटलेले असतात, गाठी आलेले. आईने निगेटिव्ह बघितली, तिला त्या माणसाची दया आली, आणि दुपारभर खपून तिने दोन्ही कान असे नीट करून दिले की एखाद्या मास्तराचे वाटावेत. पैलवान फोटो घ्यायला आले. बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्री, माझे कान कुठं गेले? आयुष्य घालवलं ह्या कानांपायी." आणि फोटो तिथेच टेबलावर ठेवून निघून गेले. आईने मला नंतर विचारलं की त्यात रागावण्यासारखं काय होतं. मला तरी तेव्हा कुठे सांगता आलं.

आता माझ्या गालाचं सांगितलं पाहिजे. मी लहान असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि डाव्या कानापासून जिवणीपर्यंत गाल भाजला. कातडी भरून आली, पण काळसर, चुरगळलेला चट्टा राहिला तो राहिलाच. आईच्या मते तो तिच्यामुळे झाला, माझ्या मते स्टोव्हमुळे. यावर आमचं कधी एकमत झालं नाही. शाळेतला असो, घरातला असो, तोवर काढलेल्या माझ्या एकाही फोटोत तो चट्टा नव्हता. आईने प्रत्येक वेळी पेन्सिल फिरवली. स्थळांना पाठवायच्या फोटोवर तर तिने सगळा जीव ओतला होता. माणसं तो फोटो बघून यायची आणि मला बघून जायची. पोहे खाताना एकदा हातातल्या फोटोकडे, एकदा माझ्याकडे बघायची, दुकानदाराने वजनात मारलं असावं तशी.

त्याचं मला फार वाईट वाटायचं नाही, खरंच. मला लग्नापेक्षा पुढच्या दुकानाची ओढ होती. रोल धुऊन धुऊन मला कळायला लागलं होतं की अण्णा प्रत्येकाला एकाच उजेडात, एकाच खुर्चीत, हनुवटी तेवढीच वर करून बसवतात. मला वाटायचं, मी असते तर ह्या म्हातारीला खिडकीपाशी बसवलं असतं, ह्या पोराला उभंच ठेवलं असतं. एकदा धीर करून मी अण्णांना म्हणाले, मला पुढे उभी राहू द्या.

अण्णा वाईट नव्हते. पण धंद्याचं बोलताना त्यांची जीभ कुणाची भीड ठेवत नसे. "उज्ज्वला," ते म्हणाले, "गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला फोटोवाल्याचं तोंड दिसतंय. ते बघून त्यानं हसायला पाहिजे. दचकून कसं चालंल?"

डार्करूममध्ये तोंड दिसत नाही, ही त्या खोलीची मोठी सोय होती.

तरी कॅमेरा माझ्या हाती आलाच, तो रोलच्या शेवटामुळे. एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. अर्जंट पासपोर्टवालं गिऱ्हाईक आलं की रोल पुरा व्हायची वाट बघता येत नसे. मग अण्णा म्हणायचे, "उरलेले एक-दोन काढून टाक कशाचे तरी आणि धू लवकर." त्या 'कशाचे तरी'मध्ये माझी फुलपाखरं आली. परसात कढीपत्ता आणि कागदी लिंबू होतं, त्यावर अळ्या असायच्याच. आई त्या चिमट्याने उचलून टाकायची, मी परत आणून ठेवायचे. कॅमेरा होता दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं आणि खालच्यातून फोटो निघायचा. खालच्या भिंगापुढे मी अण्णांच्या जुन्या चष्म्याची काच दोऱ्याने बांधायचे, दोरीने अंतर मोजायचे, कॅमेरा विटांवर ठेवून काडी नेमकी मधोमध घ्यायचे, आणि मग कॅमेऱ्याखाली पाट सरकवून खालचं भिंग वरच्याच्या जागी आणायचे आणि बटण दाबायचे. एवढ्या वेळात फुलपाखरू थांबलं तर थांबलं. माझ्या निगेटिव्हची पट्टी बघण्यासारखी असायची. एक नवरदेव, एक तलाठी, एक टक्कल आणि शेवटी एक फुलपाखरू.

त्या वर्षी कोल्हापुरातल्या एका छायाचित्र मंडळाने प्रदर्शन जाहीर केलं होतं. पशुपक्षी आणि किड्यामुंग्यांसाठी वेगळा विभाग होता. अट एकच, निगेटिव्हवर टचिंग केलेलं चालणार नाही. मी अण्णांना सांगितलं. त्यांना गंमत वाटली की कौतुक, कोण जाणे, पण ते चक्क म्हणाले, "तुझा फोटो तिथं भिंतीवर लागला, तर मी स्वतः तुला पुढं उभी करतो. मग कोण दचकायचंय ते दचकू दे."

म्हणून त्या सकाळी कढीपत्त्याला हात लावायची बंदी होती. अण्णांनी त्या दिवशी मला रोलमधले शेवटचे दोन फोटो दिले होते. पहिला मी कोशाची साल फुटताना काढला आणि घाईत पाट सरकवायला विसरले, म्हणजे त्यात फक्त डबा येणार होता. उरला एक.

फुलपाखरू बाहेर आलं, रिकाम्या सालीला धरून लटकलं, आणि ओले पंख हळूहळू उघडायला लागले. तीन पंख नीट पसरले. चौथ्याचा, डाव्या बाजूच्या पुढच्या पंखाचा कोपरा दुमडलेलाच राहिला. सालीतून निघताना कुठेतरी अडकला असावा. मी वाट बघत बसले. पंख वाळले, कडक झाले, आणि तो कोपरा तसाच. माझ्या मनात आलं, हे काही उडायचं नाही. त्याने एकदा पंख हलवून बघितले, एका बाजूला झुकलं, परत बसलं. मग चढत चढत काडीच्या टोकाला गेलं. ऊन मागून येत होतं आणि पंखावरचा ठिपका न् ठिपका उजळला होता. तेवढ्यात मी पाट सरकवला आणि बटण दाबलं. पुढच्याच क्षणी ते उडालं. जरा तिरकं, जरा धडपडत, पण भिंतीवरून पलीकडे गेलं. मी फरशीवर एकटीच उभी राहून हसत होते, ते मला आजही आठवतं.

रोल मी संध्याकाळी धुतला. निगेटिव्ह ओली असतानाच मला कळलं की असा फोटो मी आजवर काढलेला नाही, आणि कदाचित अण्णांनीही नाही. पट्टी वाळायला टांगली. तिच्यात एका क्लार्कचे फोटो होते, त्याच्या नाकावर मस होता, म्हणून पट्टी रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी आईच्या खिडकीपाशी गेली. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. सगळ्याच पट्ट्या तिच्याकडे जायच्या.

तिच्याकडून आल्यावर मी आधी क्लार्क छापला आणि मग माझं फुलपाखरू. मोठा कागद घेतला. ट्रेमध्ये कागद हलवत लाल दिव्याखाली बघत होते. आधी काडी आली, मग साल, मग पंख. चारही पंख, कोपऱ्यासकट. मला वाटलं, माझ्या बघण्यातच चूक होतेय. फोटो पक्का केला, दिवा लावला आणि निगेटिव्ह भिंगाखाली धरली. कोपऱ्याच्या जागी पात्याच्या बारीक, केसाएवढ्या रेघा होत्या.

मी ओला फोटो तसाच हातात घेऊन मागे गेले.

"आई, तू ह्याला पातं लावलंस?"

"व्हय की." आईचा चेहरा फुलला होता. "कोपरा दुमडला होता गं बिचाऱ्याचा. क्लार्कचं नाक झाल्यावर हेच करत बसले. कोल्हापूरला जाणार म्हणून जरा जीव लावून केलं. कळतंय का कुठं?"

कुठेही कळत नव्हतं. तिने नुसता कोपराच काढला नव्हता, उजव्या पंखावर बघून त्यावरचे ठिपकेही बसवले होते. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम ते असावं.

"आई, ते तसल्याच पंखानं उडालं. म्हणून तर मी तो फोटो काढला."

"मग आता चांगल्या पंखानं उडाल्यागत दिसंल की."

"पण तसं नव्हतं ते."

बोलणं ऐकून अण्णा पुढून आले. त्यांनी फोटो उजेडाकडे धरला आणि धंद्यातल्या माणसाच्या नजरेने वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले की फोटो अव्वल आहे आणि आजच पाकिटात घाल. मी अटीची आठवण दिली. ते म्हणाले, "हिचा हात ओळखणारा माणूस कोल्हापुरात जन्माला यायचाय. कुणाला कळत नाही."

"मला कळतंय," मी म्हणाले.

"मग राहा डार्करूममध्ये."

"राहते," मी म्हणाले. जाता जाता मी आईकडे वळले. "आणि पुढच्या वेळी माझ्या गालाला पेन्सिल कशाला? पातंच लाव. एकदाच काय ते होऊन जाईल."

आईने पेन्सिल ठेवली, पातं पुसून डबीत ठेवलं आणि चुलीकडे गेली.

प्रदर्शनाची मुदत माझ्या डोळ्यांसमोर संपली. दुसरं काही पाठवण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं. फोटो पाठवला असता तर लागला असता, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे. पण पाठवला नाही, याचा मला जो अभिमान आहे तो नंतर मिळालेल्या कुठल्याच बक्षिसाचा नाही. तेव्हा मात्र मी रोज सकाळी डार्करूमचं दार लावून घ्यायचे आणि पुढे अण्णा गिऱ्हाइकाला "हनुवटी वर" म्हणत असलेलं ऐकायचे.

घरात आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. रागावलेली नव्हती, कसल्या तरी विचारात होती. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती आता कढीपत्त्याच्या अळ्या टाकत नव्हती. फोडणीला पानं शेजारून मागून आणायची.

आणि एका सकाळी तिने मला हलवून उठवलं.

"ऊठ. तुझं पाखरू काळं पडलंय."

मी कॅमेरा घेऊन पळाले. कॅमेऱ्यात रोलचा शेवट होताच. हे फुलपाखरू छान सरळ निघालं, चारही पंख नीट. काडी वाऱ्याने हलत होती म्हणून मी ती धरायला हात पुढे केला, तर ते काडी सोडून माझ्या बोटावर चढलं आणि पंख वाळवत तिथेच बसलं. एका हाताच्या बोटावर फुलपाखरू, दुसरा हात कॅमेऱ्यावर, आणि पाट सरकवायला तिसरा हात नाही. फोटो निघणार कसा? माझं मलाच हसू आलं. डावीकडे कुठेतरी 'खट्ट' झालं. मला वाटलं, आईने भांडं ठेवलं.

दुपारी ती डार्करूमच्या दारात आली. असं ती सहसा येत नसे. हातात एक रोल होता.

"हा धू."

"कुणाचा आहे?"

"धू तर खरं."

रोल धुतला. एकच फोटो होता, बाकी पट्टी कोरी. निगेटिव्हमध्ये माणूस नीट ओळखू येत नाही, म्हणून मी कागद छापायला घेतला. ट्रेमध्ये आधी तुपाचा डबा आला. मग विटा, दोन भिंगांचा कॅमेरा, माझं बोट, बोटावरचं फुलपाखरू. मग मी आले, हसणारी. ऊन डाव्या बाजूने येत होतं आणि गालावरचा चट्टा कानापासून जिवणीपर्यंत, चुरगळून, जसा आहे तसा कागदावर उमटत गेला. आरशात मी तो रोज बघायचे. फोटोत पहिल्यांदाच बघत होते. मी कागद दुसऱ्या ट्रेत टाकला आणि तिथेच स्टुलावर बसले.

अण्णांचा जुना पेटीकॅमेरा खिळ्याला टांगलेला असायचा. तो आईने कधी उतरवला, त्यात रोल कुणी घातला, हे मी विचारलं नाही. ज्या बाईने आयुष्यभर निगेटिव्ह बघितल्या, तिला उजेड कुठून यावा हे मी काय शिकवणार. वाळलेली पट्टी मी नेहमीप्रमाणे तिच्या खिडकीपाशी ठेवली. दोन-चार दिवस ती तिथेच होती. मग आईने मला ती परत दिली आणि मोठ्या कागदावर छापायला सांगितलं. मी भिंगाखाली धरून बघितली. कुठे पेन्सिल नव्हती, पातं नव्हतं.

पुढचं झालं बाजारच्या दिवशी. अण्णा कुणाच्या तरी लग्नाची ऑर्डर ठरवायला गेले होते. आमच्या दुकानाच्या दाराशी काचेचं कपाट होतं, शोकेस. त्यात एकच मोठा फोटो असायचा, एका नवरीचा. चेहऱ्यावर डाग नाही, सुरकुती नाही, अण्णा तो गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचे. आईने खुंटीवरची किल्ली घेतली, डार्करूममधून माझ्यासमोरून पुढे गेली, आणि मला शोकेसची काच सरकल्याचा आवाज आला. मी दार किलकिलं करून बघितलं. नवरी खाली उतरली होती आणि तिच्या जागी मी होते.

"आई, अण्णा काय म्हणतील?"

"म्हणू देत," आई म्हणाली. पण ती मागे गेली नाही, दुकानातच खुर्चीमागे उभी राहिली.

अण्णा परत आले ते रस्त्यातच थबकले. मग आत आले. "ह्याचं टचिंग राहिलंय," ते म्हणाले.

"राहिलं न्हाई. ठेवलंय. फोटो मी काढलाय."

"अगं, बाजार आहे आज. येणारा-जाणारा म्हणेल, मेस्त्रींच्यात आता टचिंग येत नाही."

"येतंय का न्हाई ते तुम्हाला ठाऊक हाय."

अण्णांनी हात पुढे केला, तिने किल्ली दिली. त्यांनी काच सरकवली आणि फोटो काढायला हात आत घातला. मी दाराच्या फटीतून बघत होते. तेवढ्यात शोकेसवर सावली पडली. बाजारातून पिशवी घेऊन चाललेले तातोबा पैलवान थांबले होते. कानांच्या प्रकरणानंतर त्यांनी आमच्या दुकानाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मेस्त्री, हात काढा जरा," ते म्हणाले. "बघू द्या."

ते वाकून बघत राहिले. फुलपाखरू बघितलं, कॅमेरा बघितला, माझा गाल बघितला.

"ही कोण?"

अण्णांचा हात अजून काचेतच होता. माझी मुलगी, एवढं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आमची फोटोग्राफर," अण्णा म्हणाले.

"आणि हा कुणी काढला?"

"हिच्या आईनं."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

पैलवानांनी पिशवी खाली ठेवली. "मग माझा फोटो ह्या पोरीनं काढायचा. कान ठेवील ती."

अण्णांनी हात बाहेर घेतला. काच लावली, किल्ली फिरवली, फोटो आत ठेवूनच. मग त्यांनी डार्करूमच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, गिऱ्हाइकाला द्यावी तशी ठणठणीत. "उज्ज्वला, बाहेर ये. गिऱ्हाईक आलंय."

मी बाहेर आले. इतक्या वर्षांत ह्या दारातून मी त्या बाजूला फक्त झाडायला जात होते. पैलवानांनी माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि दचकले वगैरे काही नाहीत. मी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. मी म्हणाले, "पैलवान, मान थोडी वळवा. उजेड कानावर आला पाहिजे." तसे ते हसले, आणि मी बटण दाबलं.

त्यांच्या फोटोला आईने हात लावला नाही. तो फोटो कडगावात तालमीच्या भिंतीवर लागला आणि त्यानंतर कितीतरी पैलवान आमच्याकडे आले. संकेश्वरच्या एका स्थळाला त्याच सुमारास माझा नवा, जसाच्या तसा फोटो गेला होता. त्यांनी काय कळवलं ते आज आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नाही. दुकान पुढे मीच चालवलं.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं. पैलवान गेल्यावर अण्णांनी कॅमेरा बघितला आणि सवयीने म्हणाले, "एक उरलाय. काढून टाक कशाचा तरी आणि धू लवकर."

"आई, बस," मी म्हणाले.

आई अजून दुकानातच उभी होती. तिचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. गावातला प्रत्येक चेहरा तिच्या हातून गेला होता, तिचा स्वतःचा सोडून. ती नको-नको म्हणत होती. अण्णांनी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला झाले. तिने पदराने तोंड पुसलं. डोळ्यांखाली हात लावून बघितला, जिथे वर्षानुवर्षं निगेटिव्हकडे बघून बघून सुरकुत्यांची जाळी पडली होती.

"हे सगळं येणार गं," ती म्हणाली.

"येणार."

"ठेवणार हाईस?"

"ठेवणार."

आईने हात मांडीवर घेतले, हनुवटी जराशी वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मग काढ," ती म्हणाली.